पाठमोरा बाजार

आमचे अण्णा वयाच्या एकसष्टाव्या वर्षी चित्रकलेच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिले आले.

आता हे वाक्य विसरून जा. आमच्या घरात ते केव्हाच विसरलं गेलंय. अण्णा कुठल्याही परीक्षेला बसले नव्हते, कशातही पहिले आले नव्हते, आणि बक्षीस समारंभात त्यांच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा टाळ्या वाजवणारे लोक दुसऱ्याच कुणासाठी टाळ्या वाजवत होते. कुणी अगदी खोदून विचारलं तर आई सांगते, ‘त्या वर्षी ह्यांचा गुडघा धरला होता.’ गुडघ्याचा आणि चित्रकलेचा काय संबंध, हे आजवर कुणीही विचारलेलं नाही. गुडघा म्हटलं की माणसांचं समाधान होतं.

तर जे झालंच नाही, ते असं झालं.

क्लासमध्ये मुजावर सरांनी अण्णांचा कागद भिंतीला टेकवून उभा केला, चार पावलं मागे गेले, चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला आणि म्हणाले, "शेवाळे, ह्या बाजारात विकतंय कोण?"

चित्राचा विषय होता आठवडी बाजार. टोपल्या होत्या, ताडपत्र्या होत्या, तराजू होता, कोथिंबीर तर अशी की हात लावला तर माती लागावी. माणसंही भरपूर होती. पण झाडून सगळी पाठमोरी. भाजीवालीची पाठ, तिच्यासमोर गिऱ्हाईक उभं, त्याचीही पाठ. दोघं एकाच दिशेला तोंड करून व्यवहार करत होती. एक कुत्रं होतं, तेही पलीकडे बघत होतं.

सर म्हणाले की स्मरणचित्रात ही पळवाट सगळीच पोरं काढतात. माणूस पाठमोरा काढला की नाक, डोळे, तोंड, सगळ्यांना सुट्टी. म्हणून त्यांनी पाठमोऱ्या माणसांना रेशन लावलं होतं. एका चित्रात दोन. तिसरा पाठमोरा दिसला की ते स्वतः खोडत.

"सर, मी माणसं अशीच बघितलीत," अण्णा म्हणाले.

हे खरंच होतं. अण्णांची उभी हयात शांतिदीप टॉकीजच्या मशीनघरात गेली. वरच्या चौकोनी भोकातून खाली बघायचं, तर समोर पडद्यावर तोंडं आणि खाली नुसती डोकी. गावातल्या निम्म्या लोकांना अण्णा मागून ओळखत. रस्त्यात कुणी समोरून आलं की गोंधळायचे, माणूस पुढे गेला की वळून म्हणायचे, ‘अरे, हा तर फौजदाराचा जावई.’ मग टॉकीज बंद पडून तिथे मंगल कार्यालय झालं आणि अण्णा घरी बसले. बसले म्हणजे गच्चीवर खुर्ची टाकून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसले. सहा महिने. शेवटी शेजाऱ्यांनीच आईला विचारलं की टाकीला काही झालंय का.

लहानपणी आपण कोळशाने भिंती रंगवायचो, असं अण्णा एकदा जेवताना बोलून गेले होते. आईने ते धरून ठेवलं. मुजावर सर शाळेतून निवृत्त होऊन घराच्या गच्चीवर पत्र्याखाली चित्रकलेचा क्लास घेत. तिथे आईने अण्णांचं नाव घातलं. शाळेच्या पोरांत एकटं बसायला अण्णा लाजत होते, म्हणून माझंही घातलं. मी तेव्हा बी.कॉम. झालेला होतो, त्यामुळे वेळ होता.

डिसेंबरात जिल्हा कलारसिक मंडळाची परीक्षा होती. वस्तुचित्र, नक्षीकाम आणि स्मरणचित्र. त्या परीक्षेला वयाची अट नव्हती. नियम करताना अशी अट लागेल असं कुणाच्या मनातच आलं नसावं.

त्या पाठमोऱ्या बाजारात सरांना एकच गोष्ट आवडली. डाव्या कोपऱ्यात हिरव्या लुगड्यातली एक बाई होती. कमरेवर कळशी घेऊन बाजारातून बाहेर निघालेली. तीही पाठमोरीच, पण सर म्हणाले, "ही एकटी चालतीये. बाकीची सगळी नुसती उभी केलेली लाकडं आहेत. ही कुठं बघितली?"

अण्णांनी कागदाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "माहीत न्हाई."

पुढच्या आठवड्यात विषय होता क्रिकेटचा सामना. अण्णांनी मैदान काढलं, खेळाडू काढले, सरांच्या रेशनला मान देऊन बऱ्याच जणांना नाक-डोळे दिले. ते डोळे असे होते की सगळ्या संघाला कावीळ झाल्यासारखी वाटत होती. पण प्रयत्न होता. आणि यष्टिरक्षकाच्या मागे, हिरवं लुगडं, कमरेवर कळशी.

"ही स्लिपला उभी आहे की खेळाडूंना पाणी घेऊन आलीये?" सरांनी विचारलं.

"सर, ही मी काढलेली न्हाई."

"मग कुणी काढली?"

"आलीया," अण्णा म्हणाले.

पोरं हसली. सगळ्यात जास्त मी हसलो. सरांनी खोडरबर पुढे केलं. अण्णांनी मुकाट्याने तिला खोडायला घेतलं, आणि मी शेजारी बसून बघत होतो म्हणून सांगतो, खोडरबराची जी पूड कागदावर पडली ती हिरवी होती. चित्र अजून पेन्सिलीतच होतं. रंगाची डबी अण्णांनी उघडलीसुद्धा नव्हती.

सरांनी पूड फुंकून टाकली आणि पोरांना नक्षीकामाचे ठिपके मोजायला लावले.

त्यानंतर ती रक्तदान शिबिरात आली. खाटांच्या रांगेच्या पलीकडे, दाराकडे निघालेली. त्यानंतर रेल्वे स्टेशनवर आली. आमच्या गावाला रेल्वे नाही, अण्णांनी स्टेशन सिनेमात पाहिलेलं काढलं होतं, तरी ती तिथे पोचली. सर आता तिला खोडायला सांगत नव्हते. फक्त एकदा म्हणाले की शेवाळे, निदान तिला तिकीट तरी काढून द्या.

स्टेशनच्या चित्रात मला तिचा कान दिसला. पाठमोऱ्या माणसाचा कान दिसतोच, पण मागून. हा बाजूने दिसत होता. त्यात मोत्याची कुडीही होती.

घरी आल्यावर मी अण्णांच्या चित्रांची गुंडाळी सोडली आणि पहिलं चित्र, बाजाराचं, जमिनीवर पसरलं. कोथिंबीर तशीच. कुत्रं तसंच. डाव्या कोपऱ्यात ती. आणि तिचा कान. कुडी. गालाची किंचित कड.

मागच्या वेळी आपण नीट पाहिलं नसणार, असं मी स्वतःला पटवलं. बी.कॉम.मध्ये एवढं शिकवतात.

मग आईच्या लक्षात आलं. आईला चित्रांत काही कळत नाही, पण बायांत कळतं. ताटं घेता घेता तिने विचारलं, "ही कोण?"

"कोण?" अण्णा म्हणाले.

"जी सगळीकडं हाय ती."

"माहीत न्हाई."

"माहीत नसलेली बाई माणूस रोज काढतं?"

"मी काढत न्हाई. ती येती."

"बरं हाय," आई म्हणाली आणि भाकरी अशी वाढली की ताट फिरलं. "टॉकीजला बी यायची का? बाल्कनीत की खाली?"

अण्णांनी भाकरी मोडली. आईने मग गुंडाळीला उद्देशून बोलायला सुरुवात केली. दोन दिवस हे चाललं. झाडताना गुंडाळी उचलून म्हणायची, या, बाजूला व्हा बाई, केर काढू द्या. चहा ठेवताना विचारायची, तुमच्यासाठी टाकू का घोटभर. मला हे भलतंच आवडलं होतं. मीही गुंडाळीला एक-दोनदा ‘मावशी’ म्हणून हाक मारली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई मला काही न बोलता हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि तिने जमिनीकडे बोट दाखवलं. मोरीपासून कपाटापर्यंत पाण्याचे थेंब पडले होते. एका ओळीत. भरलेली कळशी कमरेवर डचमळली की पडतात तसे, जरा तिरके. कपाटाशी चित्रांची गुंडाळी उभी होती. थेंब तिथे संपत होते. घरात आम्ही दोघंच होतो, आणि आमच्या घरात कळशी नाही, प्लास्टिकची बादली आहे.

आईने फडकं आणलं, थेंब पुसले, फडकं पिळलं, वाळत घातलं. एक अक्षरही बोलली नाही. आई काही बोलत नाही हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि माझ्या अंगावर काटा आला तो थेंबांमुळे नव्हे, त्यामुळे आला. त्यानंतर तिने गुंडाळीशी बोलणं बंद केलं. केर मात्र गुंडाळी न हलवता, तिच्या भोवतीने काढायला लागली.

क्लासमध्ये मी वस्तुचित्राचा सराव करत होतो. पितळी तांब्या आणि दोन वांगी. माझा तांब्या कायम एका बाजूला सुजल्यासारखा यायचा, पण त्यावरची चमक मला जमायची. त्या दिवशी सर माझ्यामागे येऊन थांबले. तांब्याच्या चमकेत त्यांनी करंगळी टेकवली. तिथे एक हिरवी रेघ होती, करंगळीच्या नखाएवढी, वर निमुळती, मध्ये कमरेशी जरा फुगीर.

"हे प्रतिबिंब कशाचं?" सरांनी विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. मागे पत्र्याची भिंत होती आणि तिला टेकून अण्णा.

सर माझ्या शेजारी पोरांच्या बाकावर बसले. हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या वडलांना विचारायला मला होईना. तू विचार. मी चाळीस वर्षं पोरांना पाठमोरी माणसं खोडायला लावली. पण पाठमोरं माणूस आपण होऊन वळायला लागलेलं मी बघितलेलं नाही." मग उठताना, सवयीने, "वांगं छान आलंय," म्हणाले.

मी विचारलं नाही. विचारलं आईने. परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपारी, गच्चीवर. अण्णा पेन्सिलींना टोक काढत होते. आईने वाटीतले शेंगदाणे त्यांच्यापुढे ठेवले आणि शेजारी बसून अगदी साध्या आवाजात विचारलं, जसं एखाद्या आजारी माणसाला कुठे दुखतंय म्हणून विचारतात, "कोण हाय ती?"

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आई असंल," ते म्हणाले.

अण्णांची आई ते लहान असतानाच गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. तिचा विषय घरात कधी निघाला नव्हता. पितृपंधरवड्यात सगळ्यांच्या तसबिरी पुसल्या जात, तेव्हा तिच्या नावाने पाटावर एक सुपारी ठेवली जाई. मी लहानपणी समजायचो की माझी आजी सुपारी होती.

"मी तिला मागनंच बघितलंय," अण्णा सांगू लागले. "पाण्याला निघाली की मी मागं लागायचो. ती पुढं, मी मागं. वळून न बघताच म्हणायची, घरी जा. मी जायचो न्हाई. तेवढंच ध्यानात ऱ्हायलंय. लुगडं, कळशी, आन् पायवाटेवर पडलेलं पाणी. त्या पाण्यावर पाय देत देत मी जायचो."

आईने शेंगदाण्यांची वाटी उगाच जरा सरकवली.

"ती गेली तवा मी पाच वर्षांचा. एकुलता. मलाच पुढं चालवलं, हातात विस्तवाचं मडकं देऊन. चुलत्यानं बजावलं, मागं वळून बघायचं न्हाई. आता ते येताना बघायचं नसतंय. अग्नी दिला की माघारी येताना. पण मला कोण सांगणार? मला वाटलं, घरापासनंच. म्हणून मी उंबऱ्यातनं निघाल्यापासनं मान वळवली न्हाई. जन्मात पयल्यांदा मी पुढं हुतो आन् ती मागनं येत हुती."

"आणि तिथं?" मी विचारलं.

"तिथं समदी म्हणाली, बाळा, आईचं तोंड बघून घे. मी बघितलं न्हाई. डोळं गच्च मिटलं. म्हटलं, ही मला फसवत्यात. नियम मोडला तर काय व्हईल." अण्णांनी एक शेंगदाणा उचलला आणि परत वाटीत टाकला. "फोटो कुठला त्या काळात. मोठा झाल्यावर ज्याला त्याला विचारत सुटलो, कशी हुती दिसायला. जो तो म्हणायचा, चांगली हुती. नाक कसं, डोळं कसं? चांगलं हुतं. तेवढंच सांगायची आन् मरायची. आता विचारायला बी कुणी उरलं न्हाई."

खाली रस्त्यावरून गॅसची गाडी खडखडत गेली.

"फिरतीया ती," अण्णा म्हणाले. "तुमी बघितलंच की. थोडी थोडी करत. उद्या वळंल असं वाटतंय. मला त्या परीक्षेचं काय न्हाई. एकदा तोंड बघितलं की बास."

आई उठली, वाटी घेतली आणि जिन्याकडे जाताना म्हणाली, "मग उद्या चष्मा विसरू नका."

परीक्षा तालुक्याच्या एका शाळेत होती. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन, मैदानावर पोरांचे आईबाप डबे घेऊन बसलेले. त्यात आमची आई, नवऱ्याचा आणि मुलाचा असे दोन डबे घेऊन. शेजारच्या बाईने तिला विचारलं की तुमचं कितवीत आहे, तर आई म्हणाली, "रिटायर हाय."

माझा नंबर अण्णांच्या बरोबर मागे आला. लहान मुलांचा बाक होता, अण्णांचे गुडघे त्यात मावेनात, म्हणून ते तिरके बसले होते. गुडघ्याचा संबंध आला तो एवढाच. त्यांची रुंद पाठ, घामाने चिकटलेला पांढरा शर्ट आणि एका बाजूला दुमडलेली कॉलर, यापलीकडे मला काही दिसत नव्हतं.

फळ्यावर स्मरणचित्राचे विषय लिहिले गेले. सर्कस, वृक्षारोपण, पाणवठा.

अण्णांची पाठ ताठ झाली. मग वाकली. मग त्यांचा उजवा खांदा हलू लागला आणि बराच वेळ हलत राहिला. रंगाच्या पाण्यात कुंचला बुडवल्याचे आवाज येत होते. मीही पाणवठाच घेतला. घाट काढला, एक झाड काढलं, माणसं पाठमोरी काढली, कारण मुजावर सर तिथे नव्हते.

मध्येच एकदा वर पाहिलं तर अण्णांचा खांदा थांबला होता. कुंचला बाकाच्या खाचेत ठेवलेला होता. हात मांडीवर. ते नुसते बसले होते, कागदाकडे बघत, आणि त्यांची मान किंचित वर होती, जशी लहान मुलाची मोठ्या माणसाकडे बघताना असते.

पर्यवेक्षक म्हणून एक तरुण शिक्षिका होत्या. पोरांच्या कागदांवर नजर टाकत त्या रांगेतून येत होत्या. अण्णांपाशी आल्या आणि थांबल्या. आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खांद्यावरून पुढे घेऊन नीट केला, कुणी वडीलधारी बाई समोर आली की करतात तसा. मग दोन पावलं मागे सरकल्या आणि वळून फळ्यापाशी गेल्या. त्यानंतर घंटा होईपर्यंत त्या आमच्या रांगेत आल्या नाहीत.

मी बाकाखाली पाहिलं. अण्णांच्या चपलांभोवती फरशी ओली होती. रंगाचं पाणी सांडलं असेल. रंगाचं पाणी असतं तर त्याला रंग असता.

उठून बघावं असं मला वाटलं. नुसतं उभं राहायचं, मान पुढे करायची. पण परीक्षेत जागेवरून उठायचं नसतं, आणि हा नियम माझ्या डोक्यात कुणीतरी मी पाच वर्षांचा असतानाच घातला होता.

घंटा झाली.

त्या शिक्षिका पेपर गोळा करत आल्या. अण्णांनी कागद दिला नाही. दोन्ही हातांनी कडा धरून ठेवल्या.

"काका, वेळ संपली," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता.

"एक मिनिट."

"सगळ्यांना सारखीच वेळ असते, काका."

"आत्ताच वळलीया," अण्णा म्हणाले.

शिक्षिकांना काय समजलं ते मला ठाऊक नाही. त्या थांबल्या. खरोखरच थांबल्या, रंग अजून ओला होता म्हणून असेल. मग दारातून दुसरे कुणीतरी ओरडले की त्या वर्गाचा गठ्ठा कुठे आहे, आणि त्यांनी कागदाचं वरचं टोक धरलं. अण्णांची बोटं एकेक करून सुटली. शिक्षिकांनी तो कागद गठ्ठ्यावर पालथा ठेवला, माझा त्याच्यावर पालथा ठेवला, आणि पुढे गेल्या.

वर्गातून बाहेर पडताना उंबऱ्यात अण्णा थांबले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं.

मैदानावर आई डबे उघडून बसली होती. तिने विचारलं नाही, नुसतं बघितलं. अण्णांनी मान हलवली. मग ते जेवले, पोटभर, दोन भाकरी जास्त. एवढं हलकं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "डावा डोळा जरा बारीक हाय," एवढंच ते हात धुताना म्हणाले, आणि हसले.

घरी येऊन त्यांनी कागद घेतला, पाणवठा काढला. ती आली नाही. दुसरा कागद घेतला. घाट आला, झाडं आली, पाणी आलं. ती नाही. मग त्यांनी मुद्दाम काढायचा प्रयत्न केला. हिरवं लुगडं रंगवलं, कळशी रंगवली, आणि चेहऱ्याच्या जागी पेन्सिल टेकवून बसून राहिले. संध्याकाळ होत आली तरी पेन्सिल तिथेच होती.

"डावा डोळा," मी आठवण करून दिली.

"बारीक हुता," ते म्हणाले. "पण कसा, ते... बघत हुतो तवर हुतं."

आईने गुंडाळी सोडली. बाजार, क्रिकेट, शिबिर, स्टेशन, सगळी चित्रं जमिनीवर पसरली. ती कशातही नव्हती. पांढरी जागा राहिली असती तर कुणी खोडलं म्हणता आलं असतं. पण तिच्या जागी मैदानावर गवत होतं, स्टेशनवर फलाटाच्या फरश्या होत्या, बाजारात धूळ होती. सगळं अण्णांच्याच हातचं, नीट रंगवलेलं. ती तिथे कधी नव्हतीच, असं. फक्त बाजाराच्या चित्रात, डाव्या कडेपर्यंत, धुळीवर थेंबांची एक तिरकी ओळ होती. आईने बोट लावून पाहिलं. कागद कोरडा होता.

मुजावर सरांनी नंतर ती चित्रं पाहिली. म्हणाले, आता रचना बरोबर वाटते. मग जरा वेळाने म्हणाले, "वाईट वाटतंय, शेवाळे."

निकाल लागला. तो लागला नाही असं आमचं ठरलंय, पण लागला. अण्णा जिल्ह्यात पहिले. समारंभात प्रमुख पाहुण्यांनी स्मरणचित्रातल्या चेहऱ्याचा खास उल्लेख केला, की असा चेहरा फार दिवसांत पाहिला नाही. टाळ्या झाल्या. अण्णा व्यासपीठावर गेले, पण प्रमाणपत्राला हात न लावता बाजूला उभ्या असलेल्या कार्यवाहांपाशी गेले. बोडके नाव होतं त्यांचं. मी मागोमाग गेलो.

"माझं चित्र पायजे," अण्णा म्हणाले.

बोडके म्हणाले की उत्तरपत्रिका परत देण्याची पद्धत नाही.

"मग नुसतं बघू द्या. इथंच. तुमच्यासमोर."

बघू देण्याचीही पद्धत नव्हती. गठ्ठे सीलबंद होते, कपाट दुसऱ्या इमारतीत होतं, आणि वर्ष झालं की सगळं रद्दीत जाणार होतं. बोडके वाईट माणूस नव्हते. त्यांनी हे सगळं अण्णांचा दंड धरून सांगितलं.

अण्णांनी विचारलं, "तुमी बघितलंय का?"

"बघितलं ना. आम्ही सगळ्यांनी बघितलं. म्हणून तर पहिला नंबर."

"कशी हुती दिसायला?"

बोडके विचारात पडले. डोळे वर करून त्यांनी आठवून पाहिलं. खरंच मनापासून आठवून पाहिलं.

"चांगली होती," ते म्हणाले.

अण्णा माघारी वळले आणि सभागृहाबाहेर येऊन चपला शोधू लागले. एसटीत बसल्यावर म्हणाले की परीक्षा झालेली नाही, घरी कुणी विषय काढायचा नाही. आम्ही काढला नाही. त्यानंतर त्यांनी माणसं काढणं सोडलं. आता तांब्या काढतात, वांगी काढतात. तांब्यावर चमक काढतात आणि चष्मा पुसून तिच्यात बराच वेळ बघत बसतात.

स्मरणचित्रात मी नापास झालो. निकालाच्या कागदावर परीक्षकांचा शेरा होता: ‘विषय सोडून चित्र. पाणवठ्याऐवजी एका इसमाची पाठ.’ मी घाट आणि झाड काढलं होतं, शपथेवर सांगतो. पण शेऱ्यात पुढे असंही लिहिलं होतं की कॉलर चांगली जमली आहे.

ह्याला आता दहा वर्षं झाली. अण्णांना मोतीबिंदू आहे, आणि ऑपरेशन करून घ्यायला ते तयार नाहीत. कशासाठी, म्हणतात. म्हणून मी हल्ली दरवर्षी डिसेंबरात मंडळाला एक अर्ज करतो. यंदाचा असा आहे:

माननीय कार्यवाह, जिल्हा कलारसिक मंडळ, यांचे सेवेशी. विषय, पाणवठ्यावरील बाईंबाबत. महोदय, उत्तरपत्रिका परत मिळत नाही व ती एव्हाना रद्दीत गेली आहे, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तथापि सदर कागद गठ्ठ्यात पालथा ठेवण्यात आला होता, सबब बाईंचे तोंड तेव्हापासून खालच्या बाजूस आहे. तरी त्या सध्या जिथे असतील तिथून त्यांना एकवार उठून, सोबत कळशी असल्यास कळशीसह, अर्जदाराचे वडील केरबा शेवाळे यांचेसमोर उभे राहण्याची आणि त्यांचे पुरते बघून होईपर्यंत तसेच थांबण्याची परवानगी देण्यात यावी, वेळ संपलेली असली तरीही.